म्हाताऱ्या केलेल्या कुंड्या

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच्या पुढच्या वर्षी नवऱ्याला सेलूच्या शाळेत मास्तरकी लागली आणि जुन्या वस्तीत भाड्याचं घर मिळालं. घरमालक खेड्यावर शेतात राहायचे, सणावारीच यायचे. गल्लीतल्या बायका मात्र रोज विचारायच्या, "नवीन आले का तुम्ही?" आणि लगेच, "किती दिवस राह्यता?" हा दुसरा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरायचं. मला तिथं पाहुणी म्हणून नव्हे, कायमचं राहायचं होतं.

शाळेची खोली बांधून झाल्यावर उरलेलं सिमेंट नवऱ्यानं रीतसर विचारून आणलं. बादलीत डबा ठेवून मी त्याच्या चार कुंड्या ओतल्या, मोगरा आणि सदाफुली लावली, दारापुढे मांडल्या. आणि पाहते तर काय! अख्खी गल्ली जुन्या दगडांची, काळवंडलेल्या भिंतींची, आणि आमच्या दारात या कोऱ्या करकरीत कुंड्या. इथं कुणीतरी कालच आलंय, हे लांबूनच कळत होतं. मी ठरवलं, यांना म्हाताऱ्या करायचं.

"अवं, नव्या वस्तूले जुनी काऊन करून राह्यली?" सासूबाई म्हणाल्या. "लोकं तं जुनं घासून नवं करते."

आधी शेणमाती फासली. पाणी घालताच ओघळून गेली. मग कुणीतरी सांगितलं, ताक लावलं की शेवाळ धरतं. शेजारीण, भांड्याला भांडं न लावता वरून ओतून का होईना, ताक द्यायची. ते आम्ही प्यायचं सोडून मी कुंड्यांना लावलं. सकाळी पाहिलं तर गल्लीतली कुत्री कुंड्या चाटूनपुसून लख्ख करून गेलेली. सासूबाईंना हसता हसता ठसका लागला.

पण मी हट्टाला पेटले होते. कापड रंगवायला लागतो तो हिराकस किराणा दुकानातून आणला, पाण्यात विरघळवला आणि कुंड्यांवर फासला. रात्रीतून त्यांचा रंग गंजासारखा तांबूस झाला. माझी बोटंही तशीच झाली आणि एक लुगडं कायमचं कामातून गेलं. मग विटेनं कडा झिजवल्या, खाचांत काजळी घासली, उन्हात वाळवून वर जवसाचं तेल मुरवलं. सगळा पावसाळा अंगावर घेऊनही रंग तसूभर हलला नाही. उलट खालच्या बाजूनं खरंखुरं शेवाळ धरलं. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी घरात गोड शिरा केला.

दिवाळीला घरमालक पुतण्याला घेऊन आले. त्याला गावात नोकरी लागली होती. "मास्तरीणबाई, पुढच्या महिन्यात घर खाली करून द्या," ते म्हणाले. मग कुंड्यांकडे वळले. "अन् या कुंड्या इथंच राहू द्या. आमच्या बापाच्या वेळच्या आहेत."

ते खोटं बोलत नव्हते, त्याचंच मला जास्त लागलं. त्यांना खरोखर तसं वाटत होतं. माझं सिमेंट एका पावसाळ्यात त्या घराचं झालं होतं. मी झाले नव्हते.

"माझ्या आहेत. मी केल्या," मी म्हणाले.

ते समजुतीनं हसले. "असं कसं, बाई? इतक्या जुन्या?"

शेजारीण दारात उभी होती. तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. "तुम्हीच सांगा ना," मी तिला म्हणाले. तिनं घरमालकांकडे पाहिलं, पदर सावरला आणि ती आत गेली.

मी घरातून वरवंटा आणला. एका कुंडीतला मोगरा मुळासकट काढून बाजूला ठेवला आणि दोन घाव घातले. कुंडी उकलली. आत सगळं कोरं सिमेंट होतं.

"पाहा," मी म्हणाले. "नवी आहे. माझी आहे."

पुतण्यानं मान खाली घातली.

महिनाअखेरीला उरलेल्या तीन कुंड्या बैलबंडीत घालून आम्ही आमच्या लोकांच्या वस्तीत राहायला गेलो. तिथं मोगऱ्यासाठी मी चौथी कुंडी ओतली. नवऱ्यानं विचारलं, "हिराकस आणू का?"

"नको," मी म्हणाले, आणि ती तशीच, कोरी, दारापुढे मांडली.