बरडीचा दर

बार्शीटाकळीकडच्या आमच्या शेताला लागून तीन एकर बरड होती. मुरमाड, नांगर घातला तर फाळ मोडेल अशी. बाबा तिथं गवत राखायचे. पावसाळाभर चारी बाजूंनी बाभळीच्या काट्या, आणि कोणाचं वासरू आत शिरलं की बाबांचा आवाज वेशीपर्यंत. दिवाळीच्या पाडव्याला मात्र ते स्वतः लांब काठीनं काट्या ओढून वाट मोकळी करायचे. गावाची ढोरं चारणारा गायकी कळप घेऊन बाहेर उभाच असायचा. पुढं गवत संपेपर्यंत सगळं गाव तिथं चारायचं. चराई म्हणून बाबांनी कधी काही घेतलं नाही. आजोबांनीही घेतलं नव्हतं.

ती बरड रस्त्यात गेली. मोबदल्याच्या कागदात जमीन पडीत धरलेली, आणि दर असा की त्यात दुसरीकडे एकरभर मिळणं मुश्कील. घरी चार गाई. चरायला जागा नाही म्हणजे गाई नाहीत. मी अकोल्यात शाळेत शिकवते, मला कागद वाचता येतात, म्हणून भांडण माझ्या गळ्यात पडलं. जुने सातबारे काढले आणि कपाळाला हात लावला. वर्षानुवर्षं पीकपाहणीत पडीत, पडीत, पडीत. तलाठ्याला तसं सांगणारे बाबाच.

"असं काहून सांगत गेले तुमी?"

"मंग काय सांगू? गवत का आपुन पेरलं होतं? जे पेरलंच नाई त्याले पीक कसं म्हनाव?"

माझा संताप झाला. पावसाळाभर ज्या गवतासाठी भाऊबंदांशी वैर घेतलं, ते यांच्या लेखी काहीच नव्हतं!

वकील म्हणाले, गवताचं उत्पन्न दाखवा. मी गायक्याच्या नावानं प्रतिज्ञापत्र टाईप करून घेतलं, की हा दरसाल चराई देत होता. त्यानं अंगठा उठवला. "तुमी लिवलं तं बराबरच असन, बाई." बाबांना मी त्यातलं काही सांगितलं नाही.

सुनावणी अमरावतीला होती. अधिकारी भला माणूस. गायक्याला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही चराई देत होता ना?"

गायक्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो बाबांकडे पाहत राहिला. बाबा उठून उभे राहिले.

"म्या याच्यापासून कधीच काही घेतलं नाई, साहेब. कागद माह्या पोरीनं केला. या गरिबाले खोटं बोलाले लावू नका."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवला. पुढं निकाल आला, दर तोच राहिला.

सुनावणीच्या दिवशी परतीच्या एसटीत मी बाबांना सोडून मागच्या सीटवर जाऊन बसले. ही गोष्ट ऐकून लोक म्हणतात, असा बाप मिळायला नशीब लागतं. मला तसं वाटत नाही. मला तेव्हा राग आला होता आणि आजही येतो. स्वतःची लाज वाटते, पण ती नंतर. खरं बोलून त्यांनी काय राखलं? गाई तर एकामागून एक गेल्याच. शेवटची नेली तेव्हा बाबा मागच्या दारानं शेतात निघून गेले.

त्या वर्षी पाडव्याला मी घरी होते. सकाळी घंटांचा आवाज आला. पाहते तर सगळा कळप आमच्या अंगणात, आणि गायकी दारात.

"दादाजी, ढोरं ऐकूनच नाई राह्यली. सवयीनं तिकडंच पळतात, आन् तिथं तं मशिनी उभ्या हायेत. कुठं नेऊ आता?"

बाबांनी कोपऱ्यातली लांब काठी घेतली. चपला घातल्या. "चाल," म्हणाले आणि फाटकापर्यंत गेले. तिथं थांबले. मग परत येऊन काठी जागच्या जागी उभी केली, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. ढोरं बराच वेळ अंगणात उभी होती.