हजेरीपत्रकावरून उतरवलेली आरती

५ सप्टेंबर १९९७, शुक्रवार. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. कोणत्याही जुन्या पंचांगात ते पडताळता येते. कोसाडच्या कामगार वसाहतीला पाणी पुरवणाऱ्या एका सरकारी कार्यालयात त्याच सकाळी सरकारी खर्चाने गणपती बसला आणि फलकावर दहा दिवसांच्या आरतीची यादी लागली. कारकुनाने ती हजेरीपत्रकावरून ओळीने उतरवली होती. त्यामुळे १२ सप्टेंबरच्या, पुढच्या शुक्रवारच्या, दुपारसमोर नाव आले: नजीर तडवी, पंपचालक.

नजीर चोपडा तालुक्यातला. आठ वर्षे रोजंदारीवर. त्याला कायम करण्याची शिफारस अधीक्षकांच्या टेबलावर सहीवाचून पडलेली. जुलैत ईद-ए-मिलादसाठी मशिदीबाहेर दोन ट्यूबलाइट मागणारा अर्ज त्यानेच दिला होता. त्यावर शेरा पडला: 'धार्मिक कामासाठी तरतूद नाही.' सात आठवड्यांनी मंडपाच्या दिव्यांच्या माळा पंपघरातल्याच विजेवर उजळल्या. जोडणी नजीरने केली. ती त्याची ड्यूटी होती.

यादीतली चूक दाखवायला तो अधीक्षकांकडे गेला. पंपघरातला फिटर दगा माळी तेव्हा दारात उभा होता. पुढचे त्याच्या सांगण्यावरून.

"नाम सबका है, भाई," अधीक्षक म्हणाले. "यहाँ कोई हिंदू-मुसलमान नहीं. बारी आए तो आरती करना, रजिस्टर में सही करना." बोलता बोलता त्यांनी शिफारशीचा कागद पेपरवेटखाली सरकवला.

बाहेर आल्यावर दगा म्हणाला, "नजीरभाऊ, दोन मिनिट ताट फिराव, मंग जाय नमाजले. कोण देखस?"

"बरं. मंग रमजानमा मना रोजा तू धरजो."

"मी? माले तर दहा वाजताच भूक लागस!"

दोघे हसले. पण आठवडाभर नजीर जेवणाचा डबा पंपघरात एकटाच उघडत होता.

शुक्रवारी साडेबाराला सगळे मंडपात जमले. अधीक्षकांनी ताट पुढे केले. नजीर म्हणाला, "साहेब, लाइट मैं लगाऊँगा, मोटर मैं चलाऊँगा. आरती नहीं." दगाने पुढे होऊन ताट घेतले, आरती केली आणि नजीर चपला घालत असताना घाईने रजिस्टरमध्ये नजीरच्या नावापुढे नजीरची म्हणून सही ठोकून दिली. मित्राची नोकरी वाचवण्याचा तेवढाच मार्ग त्याला सुचला.

नजीरने ते पाहिले आणि परत फिरला.

"दगा, ही सही मनी नही."

"ऱ्हाऊ दे ना, भो!"

त्याने सहीवर आडवी रेघ मारली. खाली हिंदीत लिहिले: 'ड्यूटी की. आरती नहीं की. मैं मुसलमान हूँ.' मग स्वतःची सही केली आणि तो नमाजला गेला.

ते पान उपलब्ध आहे. रेघेखालची, दगाने ठोकलेली सही अजून वाचता येते. शिफारशीचा कागद फाइलमध्ये नाही. हजेरीपत्रकात नजीरचे नाव ३१ मार्च १९९८ पर्यंत आहे; पुढच्या पानावर नाही. त्याला काढले की तो स्वतः गेला, हे कुठेच नोंदलेले नाही. दगालाही ठाऊक नाही. त्या शुक्रवारनंतर त्याने नजीरला काही विचारले नव्हते. नजीर पुढे कुठे गेला, याचा शोध लागलेला नाही.