एडिटर काढून ठेवा

कोंढ्याच्या फाट्यावर मी काळीपिवळी जीपची वाट पाहत उभी होते आणि मोबाइलवर दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पाच वाजता माझी मुदत संपणार होती. एका कंपनीनं काम दिलं होतं, तीन दिवसांत एक छोटा प्रोग्राम लिहून पाठवायचा; पसंत पडला तर घरी बसून नोकरी. काम जवळपास झालं होतं. शेवटचा हात फिरवून पाठवायचं, एवढंच उरलं होतं, आणि ते सगळं पवनीला, सासरच्या लॅपटॉपमध्ये. आईला ताप म्हणून सकाळी माहेरी धावत आले, तिला डॉक्टरकडे नेलं, पेज करून दिली. तासाभरात परतते म्हणाले होते. कसलं काय!

धानाच्या रोवण्याचे दिवस होते. बांध्यांमध्ये बाया वाकलेल्या, रस्त्यावर चिखलाने माखलेले ट्रॅक्टर आणि एकही गाडी रिकामी येईना. मी चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. पानठेल्यावरचा माणूस म्हणाला, "बसा नं बाई, येते गाडी." मला बसवत होतं कुठे!

ही शेवटची खेप होती. नवऱ्याशी तसं ठरलंच होतं. दोन वर्षांत चार कंपन्यांनी नाही म्हटलं होतं. हेही हुकलं तर मी त्याच्या बी-बियाण्याच्या दुकानात बसायचं, रोज, दिवसभर. तो वाईट नाही. एकट्याला दुकान झेपत नाही त्याला, हे मलाही दिसत होतं. पण त्या दुकानात एकदा बसले की मी पुन्हा उठणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

शेवटी मी घरी सासऱ्यांना फोन लावला. म्हटलं, निदान वेळ तरी वाचेल. आमचा लॅपटॉप चालू व्हायलाच दहा मिनिटं घेतो.

"मामाजी, लॅपटॉप चालू करून तो एडिटर काढून ठेवा जी. मी येऊन राहिली."

ते म्हणाले, "काढूनच ठेवू?"

"हौ जी, काढून ठेवा. गाडी आली!" आणि मी फोन ठेवून गर्दीत घुसले.

आता हे मामाजी कोण, ते सांगायला हवं. निवृत्त प्राथमिक शिक्षक. हाती घेतलेलं काम शेवटपर्यंत, नीट, पायरी-पायरीनं. एडिटर म्हणजे कोड लिहायची वही, असं मी त्यांना समजावलं होतं, आणि ती वही घरातल्या कॉम्प्युटरांवर टाकण्या-काढण्याचं काम त्यांनी हौसेनं शिकून घेतलं होतं. लॅपटॉप मुळात दुकानाचा. नवरा कुरकुरायचा, "तुह्या सामानानं तो जड चालते." म्हणून कंपन्यांच्या प्रत्येक परीक्षेआधी एडिटर टाकायचा, झाली की काढायचा. पहिल्यांदा मी म्हटलं, "मामाजी, एडिटर टाकून द्या नं," तर ते चक्रावले. "आत्ताच तं आनला, टाकून कायले देतं?" मी हसून हसून बेजार झाले होते.

लॅपटॉपवर विंडोज. तिथं सेटिंगमध्ये जाऊन एडिटर काढला तरी त्याचा एक फोल्डर मागे लपून राहतो, आणि पुन्हा टाकला की जुना सगळा पसारा जसाच्या तसा समोर. मला त्याचा भारी वैताग. मीच मामाजींना शिकवलं की तो लपलेला फोल्डरही शोधून उडवायचा आणि वर कचरापेटी रिकामी करायची. आतल्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता, त्यावर मी लिनक्स टाकलं होतं. तिथं काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची. एका शब्दानं काढलं तर खुणा राहतात, दुसऱ्या शब्दानं मुळासकट जातं. नणंद सुटीत आली तेव्हा तिच्या मॅकवरही आम्ही करून पाहिलं. तिथं चित्र उचलून कचरापेटीत टाकलं की झालं. मामाजींना ते मुळीच पटलं नाही. "एवढंच? ह्याले काय काढनं म्हनते?"

घरी पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. चपला दारातच भिरकावल्या. लॅपटॉप टेबलावर उघडा होता, शेजारी पाण्याचा गडवा, आणि मामाजी गुडघ्यांवर हात ठेवून खुर्चीत बसलेले. मी पडदाभर नजर फिरवली. एडिटरचं चित्र कुठेच नाही.

"मामाजी, एडिटर कुठं आहे?"

"काढला नं, बाई. पूर्ण काढला. मांगचा फोल्डर बी काढला. कचरापेटी बी रिकामी केली."

ताटं काढून ठेवा, सतरंजी काढून ठेवा, तसं मी म्हटलं होतं. समोर मांडून ठेवा, एवढाच माझा अर्थ. आणि ज्या माणसाला मी सहा महिने "काढणे" म्हणजे काय ते शिकवत होते, त्यानं ते अगदी मी शिकवलं तसं केलं होतं.

खरा गाढवपणा माझाच. मी फाइल कधी साठवतच नव्हते. एडिटर न साठवलेलं लक्षात ठेवतो, उघडलं की जिथं सोडलं तिथून पुन्हा समोर, म्हणून मला ती वाईट खोड लागली होती. हे सगळं तो ठेवतो त्याच लपलेल्या फोल्डरमध्ये. तीन दिवसांचं काम कचरापेटीतूनही गेलं होतं.

पण त्या क्षणी मला माझी चूक कुठली दिसायला! तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमाले कोनं सांगितलं होतं एवढं शहानपन कराले? तुमच्यापायी माही जिंदगी गेली!" असं मी ओरडले. त्या घरात मामाजींशी असं कुणी बोललं नव्हतं. नवरा माल आणायला भंडाऱ्याला गेला होता म्हणून, नाहीतर त्याच दिवशी माझं काही खरं नव्हतं. मामाजी उठले, आतल्या खोलीत गेले. मी डोकं धरून जमिनीवर बसले. घड्याळाकडे बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

आतून त्यांचा आवाज आला. "बाई, सुरुवात तू ह्या जुन्यावर केली होती नं?"

केली होती. पहिल्या दिवशी मी त्याच कॉम्प्युटरवर बसले होते. तो अडकायला लागला, म्हणून त्यावरचं बघून बघून सगळं लॅपटॉपवर पुन्हा लिहिलं आणि जागा मोकळी करायला त्यावरून एडिटर काढून टाकला.

"तिथून तं मी काढला जी," मी चिडूनच म्हटलं.

"काढला. पन तू घाईत होती. पहिला शब्दच लिहिला होता, मुळासकटवाला नाही. मी मांगंच उभा होतो."

मी ताडकन उठून आतल्या खोलीत गेले. त्या जुन्या कॉम्प्युटरवर एडिटर पुन्हा टाकायला घेतला. नेट रेंगाळत होतं, ती निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती आणि मी उभ्यानंच टेबलावर बोटं आपटत होते. उघडला एकदाचा. आणि पहिल्या दिवशीचं काम, न साठवलेलं, बिननावाचं, तसंच्या तसं समोर. निम्मंच होतं, चुकाही होत्या, पण होतं. उरलेलं मी दीड तासात आठवून आठवून लिहिलं. पाणीसुद्धा प्यायले नाही. पाचला सहा मिनिटं कमी असताना पाठवलं.

मग ओसरीवर गेले. मामाजी रस्त्याकडे बघत बसले होते. मी म्हटलं, "असं काहून केलं जी तुमी? एवढं मुळापासून काहून काढलं?"

ते माझ्याकडे न बघताच बोलले. "मले वाटलं, तू थकली. सोडून देऊन राहिली. म्हनलं, घरी आल्यावर पोरीले त्याचं नावनिशान दिसू नाही. दिसलं तं अजून तरास होईन."

मला माफी मागायची होती. तोंडातून शब्द निघाला तो "चहा ठेवते."

आठ दिवसांनी मेल आला. आपली निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. दुपारच्या जेवणात मी सांगून टाकलं. नवऱ्यानं टोमणा मारला नाही, त्याचंही मला वाईटच वाटलं. तो हळूच म्हणाला, "मंग उद्यापासून येशीन?" मी हौ म्हटलं. ठरलं ते ठरलं. मधल्या दिवसांत लॅपटॉपवर मी एडिटर पुन्हा टाकला होता; जेवण झाल्यावर तो लॅपटॉप आणून मामाजींपुढे ठेवला. "काढून टाका जी. आता खरंच काढा."

मामाजींनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "मी नाही काढत."

मग मुलाकडे वळून म्हणाले, "दुकानात मी बसतो उद्यापासून. लॅपटॉप घरीच राहू दे."

"बाबा, तुमाले त्या फवारणीच्या औषधांच्या वासानं खोकला येते. डॉक्टरनं सांगितलं होतं नं?"

"येऊ दे," मामाजी म्हणाले आणि उठले.

दुकान घरासमोरच आहे, रस्त्यापलीकडे. दुसऱ्या दिवशी तोंडाला पांढरा रुमाल बांधून ते गेले. तेव्हापासून रोज जातात. मी आणखी एका कंपनीचं काम घेऊन बसले आहे आणि खिडकीतून त्यांचा खोकला ऐकू येतो. मोजायचा नाही असं ठरवते, तरी मोजते.