औंढ्याच्या बांधावर एक डबा

मी शाळेत भूगोल शिकवते, हे आधीच सांगून टाकते. कारण या प्रवासात माझी अब्रू पणाला लागली ती त्याच भूगोलापायी.

२००६ च्या दिवाळीत अमेरिकेहून माझे धाकटे दीर हिंगोलीला आले. साडीऐवजी त्यांनी मला मुठीत मावेल एवढं पिवळं यंत्र दिलं, जीपीएस. आकाशातल्या उपग्रहांना विचारून हे यंत्र आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत ते सांगतं. मग भाऊजींनी एका संकेतस्थळावर जगाचा नकाशा दाखवला. त्यावर ठिपकेच ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या जागी कुणीतरी एक डबा लपवलेला, आत एक वही आणि काही किरकोळ वस्तू. यंत्र घेऊन डबा शोधायचा, वहीत नाव लिहायचं, वाटलं तर एक वस्तू घ्यायची आणि बदल्यात दुसरी ठेवायची. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात.

"वहिनी, आपल्या जिल्ह्यात एकही ठिपका नाही," भाऊजी म्हणाले. "आणि व्हायचाही नाही. आपल्याकडे डबा ठेवला तर संध्याकाळपर्यंत त्यात कुणाचं तरी लोणचं भरलेलं असेल."

मला फार राग आला, कारण ते खरं असण्याची शक्यता होती. रागाच्या भरात मी म्हणाले, होळीच्या आत ठिपका लावून दाखवते आणि तो टिकवूनही दाखवते. नाही जमलं तर भूगोल शिकवायचा सोडून देईन. भाऊजी ते विसरले. आमच्या ह्यांनी मात्र ते सगळ्या कॉलनीत सांगितलं.

आता नवशिक्यांसाठी चार अनुभवाच्या गोष्टी. यंत्र पहिल्यांदा चालू केलं तेव्हा त्याला वाटत होतं की ते अजून अमेरिकेतच आहे. गच्चीवर वीस मिनिटं मोकळ्या आभाळाखाली ठेवल्यावर त्याला हिंगोली पटली. घरात ते चालत नाही, दाट झाडाखाली रुसतं. दिशा दाखवणारा बाण तुम्ही चालत असाल तरच खरा. उभं राहिलं की तो भांबावतो, म्हणून सरावाच्या दिवसांत मैदानात आमचे हे गोल गोल फिरत आणि मी मागून ओरडत असे. दोन सेल एका दिवसात संपतात, जोडी जवळ ठेवा. आणि सर्वांत मोठा धडा म्हणजे अंश, मिनिटं आणि सेकंद यांत गल्लत करू नका. बत्तीस मिनिटं पन्नास सेकंद आणि ३२.५० म्हणजे साडेबत्तीस मिनिटं यांत अर्ध्या किलोमीटरहून जास्त फरक पडतो. ह्यांनी लपवलेला सरावाचा डबा मी त्यामुळे एका परक्या गोठ्यात शोधत होते. भूगोलाच्या बाईंना हे शोभत नाही.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी सातला आम्ही मोटारसायकलवर निघालो. हिंगोली ते औंढा नागनाथ रस्ता तेव्हा बरा होता, म्हणजे खड्डे होते पण ओळखीचे होते. आरामात गेलं तरी तासाभरात पोचता येतं. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि हळदीची पानं पिवळी पडायला लागली होती. औंढ्यात नागनाथाचं दर्शन घेतलं, बसस्टँडसमोर गरम भजी आणि तीन रुपयांचा चहा घेतला. देवळाच्या आवारात डबा ठेवायचा विचार मी आधीच सोडला होता. देवळात बेवारस डबा दिसला की लोक आधी पोलिसांना बोलावतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी एक छान जागा सापडली. दोन शेतांमधला बांध, बाजूला बोरीचं झुडूप, समोर अख्खं औंढा. जागामालकाची परवानगी घ्यावी असा या खेळाचा नियम आहे. पश्चिमेच्या शेतात किसनराव औत सोडून बसले होते, पूर्वेच्या शेतात बापूराव विडी ओढत होते. दोघं चुलत भाऊ, साठीच्या आसपासचे. यंत्र पाहून दोघंही एकाच वेळी उठून आले.

"मोजणी करून राहिल्या का बाई?" किसनरावांनी विचारलं.

"नाही हो. इथं एक डबा ठेवायचाय, खेळ म्हणून."

"मागं मोजणीवाला आलता, तो बी असाच म्हणला व्हता. काई न्हाई, सहज आलो. अन् जाताना दगड रोवून गेला."

मी दहा मिनिटं समजावून सांगितलं. बापूरावांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मला म्हणाले, "त्याला सांगा, माझी काई तकलीफ न्हाई. पण डबा बराबर मधी पायजे."

'त्याला' म्हणजे दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या किसनरावांना. मग कळलं की दोघांत तीन वर्षं अबोला आहे. दरसाल नांगरताना दोघंही बांधाकडून एकेक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्तीचं ओढतात, बांध बारीक होत चाललाय आणि चोर समोरचा, यावर दोघांचंही एकमत होतं. मी निरोप इकडून तिकडे दिला. दोघांना तो आधीच ऐकू आला होता.

यंत्र बांधावर ठेवून आकडे स्थिर होईपर्यंत मी थांबले. तेवढा वेळ दोघं हात बांधून पंचायतीसमोर उभं राहावं तसे उभे होते. पडद्यावर 'सहा मीटर' असं उमटलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं की या यंत्राची सहा मीटरपर्यंत चूक होऊ शकते, हे मोजणीच्या कामाचं नाही.

"सहा मीटरचं भांडण न्हाई बाई आमचं," किसनराव म्हणाले. "दीड हाताचं हाय."

मी प्लास्टिकचा डबा ठेवला. त्यात वही, पेन्सिल, काचेच्या गोट्या आणि एक शिट्टी. वर झाकायला दगड हवा होता. किसनरावांनी लगेच एक चपटा दगड आणला, बापूरावांनी घरून चुना आणून तो पांढरा केला. मला वाटलं, किती मदतीची माणसं. हे मागून म्हणाले, "तुला कळतंय का, तू इथं काय रोवून राहिलीस ते?" मला कळत नव्हतं. किसनरावांच्या घरच्यांनी कोवळा हुरडा आणि लसणाची चटणी दिली, पैसे घेतले नाहीत, आणि आम्ही खुशीत परतलो.

तासाला पंधरा रुपये घेणाऱ्या सायबर कॅफेत बसून मी माहिती भरली. आठ दिवसांनी हिंगोली जिल्ह्याच्या कोऱ्या नकाशावर ठिपका उगवला. मी दुकानदाराला उठवून दाखवला. तो म्हणाला, दिसला, आता वेळ संपली. फेब्रुवारीत पुण्याचं एक जोडपं डबा शोधून गेलं, अगदी जागेवर सापडला असं त्यांनी लिहिलं. मी कॉलनीत ताठ मानेनं फिरत होते.

मग मार्चमध्ये नांदेडच्या पोरांनी लिहिलं, डबा सात पावलं पूर्वेला सापडला. एप्रिलमध्ये परभणीच्या एका डॉक्टरांनी लिहिलं, नऊ पावलं पश्चिमेला. मे महिन्यात संकेतस्थळ सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाचं पत्र आलं. डबा एका जागी राहत नसेल तर पंधरा दिवसांत ठिपका काढून टाकू. पत्र माझ्याआधी ह्यांनी वाचलं. "आता इतिहास घे शिकवायला," म्हणाले. मला हसू आलं नाही. त्या ठिपक्यात माझा जीव अडकला होता.

दुसऱ्याच दिवशी आम्ही परत औंढ्याला. मे महिन्यात जाणार असाल तर दहाच्या आत परत फिरा, ऊन डोक्यात जातं. शेतं नांगरून पडली होती. यंत्रानं सांगितलेल्या जागी ढेकळं. पांढरा दगड पश्चिमेला, थेट किसनरावांच्या रानात. बापूरावांनी आम्हाला खाटेवर बसवलं, ताक दिलं, लेकरांची चौकशी केली. माणूस कसा खुलून आला होता.

"दगड काहून हलला, बापूराव?"

"ढोराचा पाय लागला आसंल."

किसनराव आपल्या शेताच्या कडेवरूनच बोलले. "व्हय. मागल्या बारीला ढोराच्याच पायानं तिकडं गेला व्हता. आमच्याकडली ढोरं लई हुशार हायत, बाई."

आणि दोघांची मागणी एकच होती, मशिन पुन्हा लावा; माझा पांढरा दगड दोघांनी हद्दीचाच धरला होता. बापूराव म्हणत, आत्ता लावा. किसनराव म्हणत, दगड पूर्वेला नेल्यावर लावा. मी कुठलाही नवा आकडा लिहिला असता तरी एकाच्या हाती उपग्रहाचा दाखला पडला असता. ते पाप माझ्याच्यानं होईना. ठरवलं की डबा उचलायचा आणि हार मानून घरी जायचं. आत सगळं आहे का म्हणून वही उघडली.

पुण्याच्या जोडप्यानंतर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'किसन. बापूनं हलवला व्हता, जाग्यावर ठेवला.' खाली, 'बापू. खोटं हाय. आता जाग्यावर ठेवला.' पानंच्या पानं असंच. मधे नांदेडच्या पोरांची नावं, परभणीचे डॉक्टर, आणि पुन्हा किसन, पुन्हा बापू. शेवटची नोंद दोन दिवसांपूर्वीची. 'बापू, तुझी गाय आमच्या कडब्यात आलती. बांधून ठेवली हाय. पाणी पाजलं. घेऊन जा.' त्याखाली, 'नेली.'

मी वही ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती पहिल्या पानापासून वाचून काढली. तीन वर्षांचा अबोला या दोघांनी माझ्या डब्यात मोडला होता, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. डबा होता तिथंच ठेवला, आणि डब्यातली शिट्टी तेवढी गेलेली होती, तिच्याऐवजी एक जास्तीची पेन्सिल टाकली.

घरी आल्यावर त्या दीडशे रुपयांच्या पेट्रोलात काय मिळालं याचा हिशेब ह्यांनी मागितला. एवढं कळलं की यंत्र वापरायला मी शिकले होते, पण बांधावर उभं राहून आधी माणसांकडे बघायला शिकायचं राहिलं होतं. रात्री जेवणाआधी कॅफेत गेले. आकडे बदलले नाहीत. शोधणाऱ्यांसाठी सूचनेची एक रिकामी चौकट असते, तिच्यात लिहिलं: 'शेजारी दोन शेतकरी दिसतील. ज्याचा चेहरा खुललेला असेल, त्याच्याकडे चहा घ्या. डबा दुसऱ्याच्या रानात शोधा.'

स्वयंसेवकानं विचारलं, ही थट्टा आहे का. मी कळवलं, नाही, इथला भूगोल असाच आहे. पत्राची मुदत संपायच्या आत औरंगाबादच्या एका मुलीची नोंद आली आणि ठिपका वाचला. तिनं लिहिलं होतं: 'किसनराव हसत होते. डबा बापूरावांकडे. तीन मिनिटांत सापडला, यंत्र पिशवीतून काढावंच लागलं नाही.'