दोन भाग नदीतच

आज कपाट आवरताना माझ्याच कादंबरीच्या पहिल्या भागात चिवड्याच्या तेलाचा पिवळा डाग दिसला. पान नाकाशी नेलं आणि थेट सावरगावच्या त्या बैठकीत जाऊन बसलो.

मी पांढुर्ण्याचा. पलीकडच्या सावरगावची मुलगी पळवताना जाम नदीत दगडगोट्यांच्या माऱ्यात सापडलेल्या आमच्या गावच्या गड्याची दंतकथा घेऊन मी ऐतिहासिक कादंबऱ्यांची मालिका लिहीत होतो. सावरगावलाच मुलगी पाहायला जायचं ठरलं, तेव्हा छाप पडावी म्हणून छापलेले दोन्ही भाग मी आधीच पाठवले. त्यात सावरगावकर पानोपानी दुष्ट रंगवलेत, हे मात्र साफ विसरलो.

"काहो, पयला गोटा आमच्याच गावानं मारला, हे तुमाले कोनं सांगतलं?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"पांढुर्ण्यातच चौकशी केली जी," मी म्हणालो. हातातली चिवड्याची बशी पुस्तकावर कलंडली.

दाराशी उभी त्यांची मुलगी सुनंदा हसली. "बाबा, गोट्याचं राहू द्या. दोन भाग झाले, यांचा गडी तिले खांद्यावर घेऊन नदी ओलांडूनच राहिला. तिले जायचं होतं का, हे कोनी इचारलं का?"

मी विचारलंच नव्हतं. म्हणून घाबरत तिलाच विचारलं, "तुम्हाला यायचं आहे का?"

"तिसरा भाग वाचून सांगतो," सुनंदा म्हणाली.

तेव्हा तो मला नकार वाटला होता. आता वाटतं, माझं लिखाण इतक्या मनापासून दुसऱ्या कुणी वाचलंच नाही. तिसरा भाग मी महिनाभरात लिहिला आणि तिला पाठवला. त्यात ती पळवलेली मुलगी मधल्या धारेत गड्याच्या खांद्यावरून उतरते.

आठवड्यानं सुनंदाचा निरोप आला: "येतो. पन माह्या पायानं."