अक्षता पुसणारा प्लगिन

स्टुडिओतलं मेमरी कार्ड भरलं की फॉरमॅट करता येतं. किश्श्यांचं तसं करता येत नाही, ते साठतच राहतात! त्यात मी कमी बोलणारी. लग्न होऊन नळदुर्गच्या या फोटो स्टुडिओत आले त्याला अजून वर्ष झालं नाही, पण कानावर पडलेलं सगळं आत जाऊन बसलंय. आता जागा पुरेना, म्हणून थोडं बाहेर काढते.

स्टुडिओत माणसं तीन. सासरे, त्यांना मी मामा म्हणते, रोलच्या काळापासूनचे फोटोग्राफर. आमचे हे, म्हणजे महेश, कॉम्प्युटरवाले. आणि मी, ह्यांच्या शेजारी बसून शिकणारी. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, मागच्या घरात असतात. कान मात्र पुढं दुकानात.

नळदुर्गपासून जळकोटपर्यंत सगळ्यांच्या लग्नाचे अल्बम इथं होतात. एकच झालेला नाही. आमचा! "घरचंच हाय की, होईल निवांत," असं म्हणत गिऱ्हाइकं पुढं जातात. कळंबहून आईचा फोन येतो.

"तुझ्या मागनं शेजारच्या पोरीचं लगीन झालं. तिचा अल्बम आला, सगळ्या गल्लीनं बघितला, आता तिला दिवस बी गेलेत. तुमचं काय?"

"आई, तू नेमकं काय विचारायलीस?"

आईनं फोन ठेवला.

* * *

आईच्या घाईला कारण होतं. आमच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत लाईट गेली. जनरेटरवाला जेवायला बसलेला. मुहूर्त टळू नये म्हणून भटजी थांबले नाहीत. सगळ्यांच्या मुठीत अक्षता, मोबाईल काढणार कोण? अंधारातच लग्न लागलं. लाईट आल्यावर बघतात तर माझे अप्पा जागेवर नाहीत! आईनं फोन लावला, तर तोही बंद.

अप्पा एसटीत ड्रायव्हर. बोलणं माझ्याहून कमी. पुढं ते आचाऱ्यापाशी सापडले. "हुतो की तिथंच," एवढंच म्हणाले. पण सुमन मावशीनं विषय सोडला नाही. कुठलंही लग्न असो, बारसं असो, तिचं एक वाक्य ठरलेलं: "लेकीच्या अक्षतेला बाप नव्हता बघा आमच्यात!"

आई वरवर हसायची आणि घरी येऊन अप्पांना भाजी एकदाच वाढायची, अजून हवी का ते विचारायची नाही.

त्या अंधारातला एकच फोटो मामांनी काढलाय. तो काळाकुट्ट, दाणेदार फोटो नीट झाला तर अप्पा होते की नव्हते ते कळणार होतं. म्हणून आई अल्बम मागत होती.

* * *

दाणेदार म्हणजे काय ते सांगते. कमी उजेडात काढलेल्या फोटोवर वाळू सांडल्यासारखं दिसतं, त्याला नॉईज म्हणतात. आम्ही फोटो रॉमध्ये काढतो. रॉ म्हणजे कॅमेऱ्याला दिसलं ते सगळं, तिखटमीठ न लावता. ते उघडायचं सॉफ्टवेअर वेगळं, आणि त्या सॉफ्टवेअरला जोडून नॉईज पुसणारा जो छोटा प्रोग्राम असतो, तो प्लगिन.

ह्यांनी तो घेतला, टाकला, पण मेनूत दिसेना. काढला, परत टाकला. तरी दिसेना. ह्यांचा चेहरा उतरला.

मामा खुर्चीतून म्हणाले, "अरे, नवी सून बी आल्या आल्या कुठं दिसती का? जरा रुळू दे त्याला."

मी दारामागंच उभी होते.

शेवटी सॉफ्टवेअर एकदा बंद करून चालू केलं आणि प्लगिन मेनूत हजर झाला. मामा म्हणाले, "आला का? आता चहा करता येतो का बघ त्याला."

चहा मीच केला.

* * *

प्लगिनचं पहिलं मोठं काम म्हणजे किराणावाल्या चनबसप्पा शेठच्या मुलीचं लग्न. हॉलमध्ये उजेड कमी होता. ह्यांनी उत्साहात जोर शंभरावर ठेवला आणि सगळे फोटो एकदम प्लगिनमधून काढले. काय ते फोटो! लोण्यासारखे.

शेठ अल्बम बघायला आले. घरात कन्नड, दुकानात मराठी. चिडले की दोन्ही. ते एका फोटोवर थांबले.

"अक्षता कुठं हायेत?"

आम्ही वाकून बघितलं. हवेतला तांदळाचा दाणा न् दाणा प्लगिननं कचरा समजून पुसला होता! नवरानवरी मान खाली घालून उभे आणि मागं अख्खं वऱ्हाड रिकामे हात वर करून.

"महेश," शेठ शांतपणे म्हणाले, "हे माझ्या पोरीचं लगीन हाय का दरोडा पडलाय?"

सगळं काम पुन्हा केलं. आत्याबाई आतून म्हणाल्या, "त्याला म्हणावं पुसायचाच नाद असंल तर घरात ये, ओटा हाय."

* * *

एकदा धनगरवाड्यावरून एक म्हातारं जोडपं फोटो काढायला आलं. बाबांचा पटका लालभडक, आजींच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण. फोटो छान आला, पण ह्यांनी सवयीनं प्लगिन फिरवला. सुरकुत्या गेल्या. गोंदणही गेलं.

बाबांनी फोटो हातात घेतला आणि बघतच राहिले. "हिला बघाय गेलतो ना, तवा अश्शीच हुती!"

आजींनी फोटो ओढून घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"तवा मला गोंदण हुतं," त्या म्हणाल्या. "ही कोण हाय, ते सांगा आधी."

बाबा माझ्याकडं बघायला लागले. मी ह्यांच्याकडं. हे प्रिंटरकडं.

दुसरा फोटो काढून दिला, गोंदणासकट. जाताना बाबा हळूच ह्यांच्या कानाशी लागले: "तो पहिला फेकू नगा. मी बाजारच्या दिवशी येतो."

* * *

प्लगिन लागला की कॉम्प्युटर तापतो. एकेका फोटोला इतका वेळ, की पंखा गिरणीसारखा घरघरतो. थंडीत घरात दही लागेना, तेव्हा आत्याबाईंनी विरजणाचं पातेलं आणून सीपीयूच्या डोक्यावर ठेवलं.

हे ओरडले, "आई, लाखाची मशीन हाय ती!"

"मग लाखाचं दही लागंल की."

आणि खरंच असं लागलं, की सुरीनं कापावं! पुढं पुढं आत्याबाई विचारायच्या, "आज मोठं लगीन हाय का बारकं?" मोठं असेल तर दूध जास्त.

त्या दिवसांत आईचा फोन आला तर तो आत्याबाईंनी उचलला. "झाला का अल्बम?" आईनं विचारलं असणार. आत्याबाई म्हणाल्या, "न्हाय वो विहीणबाई. दही लागलंय, पाठवू का?"

* * *

अखेर एका दुपारी ह्यांनी आमचा तो अक्षतेचा फोटो उघडला. मामा मागं उभे.

"लाईट नव्हती, फ्लॅश चालला न्हाय, तरी सुनेच्या तोंडावर उजेड बघ कसा धरलाय! ह्याला अनुभव म्हणतेत," मामा म्हणाले. खरंच, सगळा मांडव काळा आणि माझ्या चेहऱ्यावर तेवढा उजेड. कडेला वर एक पांढरा ठिपका होता. तो इन्व्हर्टरचा बल्ब, असं मामांचं म्हणणं. माझी मान तेव्हा खाली, मलाही तसंच वाटलेलं.

ह्यांनी फोटो उजळला, कडा ठळक दिसाव्यात म्हणून धार लावली आणि मग प्लगिन फिरवला. अंधार गुळगुळीत झाला. बल्बखालचा पडदा नव्या साडीसारखा झाला. अप्पा कुठंच नव्हते.

हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "असतील गं कुठंतरी, फ्रेमच्या बाहेर."

पण ज्या प्लगिननं शेठच्या पोरीच्या लग्नातल्या अक्षता पुसल्या त्याच्या शब्दावर माझ्या बापाला गैरहजर लावायचं, हे काही मला पटेना.

* * *

दुसऱ्या दिवशी मामा आणि हे जळकोटला बारशाच्या ऑर्डरला गेले. मी कॉम्प्युटरसमोर बसले. आत्याबाई पातेलं घेऊन आल्या, माझ्याकडं बघितलं आणि "मोठं का बारकं?" असंही न विचारता ते ठेवून गेल्या.

ह्यांनी केलेलं सगळं मी काढून टाकलं. कोरी रॉ फाईल घेतली. आधी धार लावली की दाण्यालाही धार येते, मग प्लगिनला माणूस कुठला न् दाणा कुठला ते कळत नाही. म्हणून पहिल्यांदा प्लगिन, तोही अगदी हलक्या हातानं. मग त्या काळ्या कोपऱ्यातला उजेड थोडा थोडा वाढवत गेले.

बल्बखाली आधी बोटं दिसली.

मग मनगट. मग गुलाबी फेटा. मग एक प्लॅस्टिकची खुर्ची, आणि तिच्यावर चवड्यांवर उभे राहून, मोबाईलचा टॉर्च माझ्या तोंडावर धरलेले अप्पा! दुसऱ्या हाताची मूठ तशीच घट्ट मिटलेली.

संध्याकाळी मामांनी फोटो बघितला. मग चष्मा पुसत म्हणाले, "म्हंजी तो उजेड अनुभवाचा न्हवता तर." आणि स्वतः मोठी प्रिंट काढून दिली. दाणे राहिले होते थोडे. प्रिंट काढण्याआधी ते पुसायला ह्यांनी माऊसकडं हात नेला, तर मामांनी त्यांच्या हातावर चापट मारली.

* * *

प्रिंट घेऊन आम्ही कळंबला गेलो. सुमन मावशी आलेलीच होती. आईनं फोटो मांडीवर घेतला, त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि तो मावशीकडं सरकवला.

मावशीनं बघितलं. परत बघितलं. "खुर्ची मोडली असती म्हंजी?" एवढंच तिला सुचलं.

अप्पा ड्यूटीवरून आले, हातपाय धुऊन जेवायला बसले. आईनं विचारलं, "भाजी अजून वाढू का वो?" अप्पांनी दचकून तिच्याकडं बघितलं. मग मी फोटो त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा लावला आणि निरखून बघितलं.

"तरीच!" अप्पा म्हणाले. "त्या दिशी फोनची बॅटरी कशी काय उतरली, म्हणून मी आजपतूर कोड्यात हुतो."

आणि भाकरी कुस्करायला लागले.