खात्री करून घेण्याचं पत्र

माझ्या धाकट्या भावाला परदेशात विज्ञानाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळ्यात आधी शंका आली ती मला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीतल्या एका शाळेत शास्त्र शिकवत होते. भाऊ युरोपात, एका मोठ्या प्रयोगशाळेत. तिथे अणूच्या आतल्या कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र होतं, एवढंच आम्हाला माहीत. त्याचं हवाई पत्र शाळेच्या पत्त्यावर, माझ्या नावाने आलं. ‘ताई, या यंत्रांच्या कामाबद्दलचा पुरस्कार यंदा मला दिलाय. बाबांना सांग.’ बाकी हवापाणी.

मी ते दोनदा वाचलं. कॉलेजात हा माझ्या जर्नलमधून आकृत्या उतरवायचा. प्रॅक्टिकलला एक गॅल्व्हानोमीटर जाळून बसला होता. मार्क नेहमी माझे जास्त. पण मुंबईला आणि तिथून पुढे तो गेला, मी बी.एड. करून, लग्न करून इथेच राहिले. आणि आता पुरस्कार?

बाबांनी मात्र पत्र वाचलं, इस्त्रीचा सदरा चढवला आणि थेट आमच्या गावच्या साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. दुसऱ्या दिवशी संपादक शाळेत हजर.

“बाई, बातमी छापतो. पण शोध काय लावला, ते दोन ओळींत लिहून द्या. बॉम्बबिंब नाही ना?”

मला दोन ओळी लिहिता येईनात. “माहिती मागवते,” म्हणाले आणि त्यांना वाटेला लावलं.

मग मी भावाची जुनी पत्रं काढून बसले. एकात ‘दिवसभर वर्कशॉपमध्ये असतो’ असं होतं. एकात ‘आमच्या गटाला मान मिळाला’. म्हणजे मान गटाचा, आणि हा आपला पाने-पकडी देणारा? वडिलांना बरं वाटावं म्हणून थोडं फुगवून लिहिलं असेल? जितकं वाचावं तितकं तेच दिसू लागलं. यजमान म्हणाले, “त्यालाच विचार की सरळ.” पण ज्याच्यावर संशय, त्यालाच काय विचारायचं?

मी प्रयोगशाळेच्या पत्त्यावर इंग्रजीत पत्र टाकलं. मी शिक्षिका आहे, या पुरस्काराची आणि तो मिळवणाऱ्याची माहिती विद्यार्थ्यांसाठी हवी आहे, असं. खाली सासरचं नाव. नात्याचा उल्लेख नाही.

दीड महिन्याने जाड पाकीट आलं. आत छापील पत्रक, त्यावर भावाचा फोटो आणि पुरस्काराचं कारण: धावणारे कण नळीच्या मध्यातून भरकटू नयेत, म्हणून चुंबकांची रचना सुधारण्याची त्याची पद्धत. त्याची एकट्याची. मागे चार पानं, हाताने लिहिलेली, मराठीत.

‘ताई, पत्र भारतातून आलं म्हणून इथल्या ऑफिसमधल्या बाईंनी ते उत्तरासाठी माझ्याच टेबलावर ठेवलं. तुझं अक्षर ओळखलं. विद्यार्थ्यांसाठी म्हणतेस, तर सोपं करून लिहितो.’

आणि खरंच लिहिलं होतं. चुंबक एका बाजूने कणांना आवळतो तर दुसऱ्या बाजूने पसरवतो, म्हणून पुढचा चुंबक वळवून बसवायचा, असं पायरीपायरीने, आकृत्यांसकट. रागाचा एक शब्द नाही. शिक्षकांच्या खोलीत बसून वाचताना माझे कान तापले. कोणी बघतंय का, म्हणून मी मान वर करून पाहिलं.

बातमी छापून आली. बाबांनी कात्रण देवाजवळ ठेवलं. भावाची पत्रं पुढेही आली, पण सगळी बाबांच्या नावाने.

दोन वर्षांनी तो घरी आला. मांडवीच्या समुद्रावर फिरायला गेलो असताना मीच विषय काढला.

“रागावलास ना माझ्यावर?”

“निवड समितीचा फोन आला तेव्हा मलाही खरं वाटलं नव्हतं,” तो म्हणाला. “खरं वाटावं म्हणून पहिलं पत्र तुला लिहिलं होतं, ताई. तुला त्यातलं कळतं म्हणून.”

मी माफी मागितली. तो “असू दे गं” म्हणाला आणि बाबांच्या गुडघेदुखीबद्दल विचारू लागला.